मोरीतला आधार

आईचे गुडघे गेले तेव्हा मिस्तरी म्हणाला, ‘ताई, नळाच्या पाइपाला धरतील ना आजी!’ पाइप माणसाचं वजन पेलायला नसतो. दोंडाईच्यातल्या आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी साबणाने निसरडी होते. म्हणून आधी रबरी चटई टाकली, मग पक्क्या विटेत स्क्रू मारून स्टीलची दांडी बसवली. रबरी वाटीने चिकटणारी दांडी ऐन वेळी सुटू शकते. देशी संडासावर कमोड खुर्ची ठेवली. बसल्यावर आईचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात, हे आधी पाहिलं. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत माणूस पडलं तर दार अडतं. २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, २ लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदा ३,००० रुपयांची मदत आहे; साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे.