पालीची जुनी जीप : काय राखावे, काय बदलावे?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडतात आणि डोंगरीनंतर समुद्राचा वारा लागतो. उत्तनला लागूनच पाली आहे. किनाऱ्यावर होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि सगळीकडे खारी हवा. या पालीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या घरामागे, माडाखाली, ताडपत्रीने झाकलेली एक जीप अनेक वर्षे उभी होती.

एका रविवारी तो मला म्हणाला, "सर, आजोबांची जीप पुन्हा चालू करायची आहे. मिस्त्री म्हणतो, आतले सगळे काढून नवे टाकू. मोठे डिझेल इंजिन, रुंद उंच टायर, नवे ब्रेक. आजी म्हणते, एक खिळासुद्धा बदलू नका. मी कोणाचे ऐकू?"

मी म्हटले, "दोघांचेही ऐकू नकोस. आधी पदार्थविज्ञानाला विचारू."

तर चला, आपणही विचारू या.

ही गाडी आली कोठून?

1940 साली अमेरिकेच्या सैन्याला वाळू, चिखल आणि डोंगर यांवरून धावणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना अवघ्या 49 दिवसांत तयार केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशा झालेल्या गाड्या विक्रीला निघाल्या. त्यांतलीच एक या आजोबांनी घेतली. तिच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीवर 1944 हे साल आजही वाचता येते.

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत आणून माझगावला गाड्या जोडू लागली. म्हणजे महाराष्ट्राचे आणि जीपचे नाते पाऊणशे वर्षांचे आहे. 2010 साली आलेली 'थार' ही गाडी त्याच घराण्यातली.

पालीच्या या जीपने बर्फ वाहिला, मासळीच्या टोपल्या भाईंदरला पोहोचविल्या आणि वाळूवरून होड्याही ओढल्या. आता तिचे एकेक दुखणे पाहू.

पहिला शत्रू : गंज

ताडपत्री काढली तेव्हा वरून रंग बरा दिसत होता. मिस्त्रीने हातोडीने हलकेच ठोकून पाहिले. काही ठिकाणी 'टण्ण' असा आवाज आला, तर काही ठिकाणी नुसता 'थप्प'. जेथे थप्प, तेथे आतले लोखंड संपलेले होते आणि त्यावर कोणीतरी पूर्वी लांबी भरून रंग मारला होता.

लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. मग समुद्रकाठी गंज इतका झपाट्याने का चढतो? कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. ओलसर पत्र्यावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. एका जागचे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते आणि दुसऱ्या जागी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो. मीठ या घटांचा मार्ग सोपा करते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज पाचर ठोकावी तसे पत्रे फाकवितो.

यावर उपाय म्हणजे गंज पूर्ण खरवडणे, कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे आणि त्यावर जस्तयुक्त थर देऊन मग रंग देणे. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडते. त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. येथे काही 'राखण्याचा' प्रश्नच नाही. गंज राखण्यात कसला वारसा?

मोठे इंजिन हवे का?

या जीपचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन 2.2 लिटरचे आहे. त्याची शक्ती 60 अश्वशक्ती. आजच्या मानाने ही फार नाही. पण गाडीला ओढते ती चाकावर पडणारी पीळ, जिला मोटारवाले टॉर्क म्हणतात. इंजिनाची कमाल पीळ सुमारे 142 न्यूटन-मीटर आहे. ती दंतचक्रांतून वाढत जाते. पहिल्या गिअरमध्ये 2.67 पट, चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या मंद गतीत 1.97 पट आणि शेवटी आसावर 4.88 पट. या तिन्हींचा गुणाकार करा.

2.67 × 1.97 × 4.88 = सुमारे 25.7

म्हणजे चाकांवर मिळून सुमारे 3,650 न्यूटन-मीटर पीळ पडते. चाकाची त्रिज्या 0.36 मीटर धरली तर जमिनीवर ढकलणारे बल सुमारे 10,100 न्यूटन येते. घर्षणात काही वाया जाईल. तरी 8,500 न्यूटन हाती उरेल. रिकाम्या जीपचे वस्तुमान सुमारे 1,100 किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे 10,800 न्यूटन. स्वतःच्या वजनाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक बल लावू शकणाऱ्या गाडीला अशक्त कसे म्हणावे?

अर्थात फुकट काही मिळत नाही. पीळ सुमारे 26 पट झाली की फेरे तितक्याच पटीने कमी होतात. इंजिन मिनिटाला 1,000 फेरे घेत असेल तर ही गाडी ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने जाते.

आता वाळूवर या. कोरड्या मऊ वाळूत टायरची पकड वजनाच्या चार दशांश मानू. फक्त मागची दोन चाके फिरत असतील, तर त्यांच्यावर निम्मे वजन, म्हणून पकड सुमारे 2,160 न्यूटन. चारही चाके फिरली तर 4,320 न्यूटन. इंजिन मात्र आताच 8,500 न्यूटन देऊ शकते! मग दुप्पट शक्तीचे इंजिन बसवून काय होईल? चाक जागच्या जागी फिरेल आणि खोल रुतेल. वाळूत कमी पडते ती पकड. टायरमधली हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो, वाळूत कमी रुततो आणि गाडी निघते. हे काम हवा भरण्याच्या पंपाचे आहे, मोठ्या इंजिनाचे नव्हे.

उंच टायरांचा मोह

उंच टायर रुबाबदार दिसतात. पण त्रिज्या 36 वरून 42 सेंटिमीटर केली तर तीच पीळ जमिनीवर एक सप्तमांशाने कमी बल लावते. त्याहून मोठा धोका तोलाचा आहे.

या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे 124 सेंटिमीटर अंतर आहे. त्याचे निम्मे 62. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच आहे. गाडी आडवी कलू लागली, की गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा चाकाच्या बाहेर पडताच ती उलटेल. हा कोन सुमारे 46 अंश येतो. टायर आणि पाटे उंच करून गुरुत्वमध्य 15 सेंटिमीटर वर नेला तर कोन सुमारे 40 अंश उरतो. वळणावर आणि खड्ड्यांत हे सहा अंश फार महाग पडू शकतात. तेव्हा उंच टायरही बाद.

ब्रेक : येथे आजी गप्प झाली

आजोबा एकदा बर्फ घेऊन उतारावरून येत होते. त्यांनी पेडल दाबले, ते थेट खाली गेले. खाऱ्या हवेने गंजलेली ब्रेकची नळी फुटली होती. गाडी वाळूच्या ढिगात शिरली म्हणून सारे वाचले. त्यानंतर आजोबांनी भरलेली जीप त्या उतारावर कधी नेली नाही. आजीने ही हकीकत सांगितली आणि ती गप्प बसली.

असे का घडले? पास्कलच्या नियमाप्रमाणे बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. म्हणूनच एका पायाने चारही चाके थांबतात. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी, की सगळ्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर एक फुटताच दाब सर्वत्र नाहीसा होतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत अशी एकच योजना असे. पुढे मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग आले. एक पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवितो.

ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसह 1,400 किलोग्रॅमची ही गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 1,95,000 जूल असते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी 46 अंशांनी तापेल. वेग ताशी 80 केला तर तो एक तृतीयांशानेच वाढला, पण ऊर्जा सुमारे 3,46,000 जूल होते. म्हणजे पावणेदोन पटीहून अधिक! जुन्या ड्रम ब्रेकमध्ये उष्णता कोंडते आणि पाणी शिरले तर पकड सुटते. वेगवान इंजिन टाकून ब्रेक जुनेच ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. उलट वेग मूळचाच ठेवून ब्रेकची योजना दुहेरी केली तर सुरक्षितता वाढते.

दिव्यांचेही तसेच. युद्धकाळातील या जीपची वीज 6 व्होल्टची. 36 वॉटच्या दिव्याला 6 अँपिअर प्रवाह लागतो. 12 व्होल्ट केले तर 3 अँपिअर पुरतात. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीच तार चौपट कमी तापते आणि दिवा नीट उजळतो.

कायदा काय म्हणतो?

गाडीत हवा तो फेरफार करता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये यावर बंधने आहेत आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कडक असल्याचे स्पष्ट केले. 2021 साली 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडीचे कवच व इंजिन यांत मोठा फेरफार नको. मात्र अशी गाडी रोज किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही.

हे ऐकून माझा विद्यार्थी खट्टू झाला. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवून चार पैसे मिळतील असा त्याचा बेत होता. त्याने दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, "सर, पैसे दुसऱ्या कामात मिळतील. आजोबांची गाडी दुसरी मिळणार नाही."

इंजिन मूळचेच राहिले. त्याचे काही भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात सापडले. बदलले ते ब्रेक, नळ्या, तारा आणि दिवे. तेही परिवहन कार्यालयात आधी विचारून. बसण्याच्या जागी पट्टे आले. मिस्त्री म्हणाला, "एवढ्याशा कामासाठी इतके गणित?" पण ब्रेकची चाचणी त्यानेच तीन वेळा घेतली. गाडी तयार झाल्यावर आजी पुढे बसली आणि कित्येक वर्षांनी भरलेली जीप त्या उतारावरून हळूहळू खाली आली.

तुम्ही करून पाहा

तीन काचेच्या पेल्या घ्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत व तिसरीत मिठाचे पाणी घाला. प्रत्येकीत घासून स्वच्छ केलेला एक लोखंडी खिळा टाका. तिसऱ्या खिळ्याला आधी जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. आठ दिवस रोज पाहून नोंद ठेवा. कोणता खिळा आधी गंजला? तिसऱ्या पेलीत काय झिजले? मग आपल्या घरची जुनी सायकल, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप घ्या आणि कागदाचे दोन भाग करा. एकीकडे लिहा 'राखावे', दुसरीकडे 'बदलावे'. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा. कारण लिहिता आले नाही, तर तो भाग तूर्त जसा आहे तसाच राहू द्या.