पूर्वजांची हजेरी (भाग ६) : बर्डीवर हरलेल्यांचे वारस कुठे आहेत?

मागच्या आठवड्यात आपण साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात होतो. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचा स्मृतिलेख त्या गावात आहे, आणि पोरे आजही फौजेत भरती होतात. तिथे पूर्वज विसरायची सोयच नाही. नागपुरात उलटे आहे.

२६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर लढाई पेटली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या बाजूने कर्नल स्कॉटचे जेमतेम चौदाशे शिपाई; समोर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची कितीतरी पट मोठी फौज, तीत अरबांची कडवी पथके. अरबांनी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा. पण कॅप्टन फिट्झजेराल्डचे घोडदळ तुटून पडले, टेकडी परत इंग्रजांकडे गेली आणि पारडे फिरले. तरी अरब शहराच्या महाल भागात ठाण मांडून राहिले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, त्यांनी इंग्रजांचा हल्ला परतवला आणि ३० तारखेला शहर सोडले. अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि १८४०मध्ये जोधपुरात वारले.

जिंकणाऱ्यांनी आपल्या मेलेल्या-जखमींचा हिशेब ठेवला : ३६७. लढलेल्या मद्रासी पलटणीला तिचा जुना पहिला क्रमांक बक्षीस म्हणून परत मिळाला, निशाणावर ‘सीताबर्डी’ हे नाव चढले. (त्या पलटणीचे शिपाईही हिंदीच होते, हे विसरू नये.) हरलेल्या बाजूची अशी यादी कुठे आहे?

वारस शोधायचे तर यादी हवीच, कारण वंशजांच्या संस्था भावनेवर उभ्या राहत नाहीत, कागदावर राहतात. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातल्या लढवय्यांच्या लेकी-नातींची संघटना १८९०मध्ये निघाली. तिचे सभासद व्हायचे तर आपल्यापासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो. ही अट बर्डीला लावली तर किती नागपूरकर टिकतील? राजघराण्याची वंशावळ आहे. सरदार, चिटणीस, फडणीस यांच्या घराण्यांकडे सनदा सापडतील. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांनी वंशावळी नोंदण्याची परंपरा नेटाने सांभाळली, पण तीही बहुतेक लिहित्या घरांची. पायदळातला हलबा, कुणबी, गोंड, अरब यांचे काय? पथकाचा पगार जमादाराच्या हाती पडायचा. शिपायाचे नाव वरच्या दप्तरात उमटायचे कारणच नव्हते. या. मा. काळे यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला, पण साध्या शिपायाचे नाव द्यायला साधनच नसेल तर इतिहासकार तरी काय करणार?

म्हणून बर्डीच्या लढाईच्या वारसांचे मंडळ काढायचे तर ते घराण्यांचे नको, वस्त्यांचे हवे, असे माझे मत आहे. महाल, सक्करदरा, इतवारी इथल्या जुन्या घरांत अजून मोडी कागद आहेत : वेतनाच्या चिठ्ठ्या, इनामाचे दाखले, कर्जरोखे. यातले नाव न् नाव लढाईतले नसेल. पण एकाच गल्लीतले दहा कागद शेजारी ठेवले की पथके आणि जमादार ओळखू येऊ लागतात.

तुमच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा, फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा विदर्भ संशोधन मंडळात नेऊन विचारा.

पुढील आठवड्यात : पानिपतानंतर हरियाणात राहिलेले मराठे.