इंद्रायणीचे पाणी, डोंबिवलीचा नळ

डोंबिवलीच्या नळाला येणारे पाणी उल्हास नदीचे खरे. पण ते सगळेच उल्हासच्या खोऱ्यात पडलेले नसते. मावळातील आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिचे पाणी एरवी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून 1922 मध्ये ते घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवले, आणि जनित्रे फिरवून ते उल्हासला मिळू लागले. मुंबईच्या विजेसाठी केलेल्या या खटाटोपामुळे वारकऱ्यांच्या नदीचा एक वाटा आज डोंबिवलीच्या माठात पडतो.

उन्हाळ्यात नदीला याच पाण्याचा आणि बारवी धरणातून सोडलेल्या पाण्याचा आधार असतो. उंची वाढवल्यानंतर बारवीची क्षमता सुमारे 339 दशलक्ष घनमीटर झाली. राज्यात धरणसाठ्याचा हिशेब 15 ऑक्टोबरला मांडून पाणी 15 जुलैपर्यंत पुरवायचे असते. शहराने कपातीचा आराखडाही त्याच सुमारास करायला हवा. प्रत्यक्षात तो पुष्कळदा मार्च-एप्रिलमध्ये, टँकरच्या रांगा लागल्यावर सुचतो.

पाणीबचत म्हटले की ठिबकणारा नळ आठवतो. सेकंदाला एक थेंब गळाला, तर दिवसात चार-साडेचार लिटर जातात. आता रस्त्याखालच्या जलवाहिनीला 3 मिलिमीटरचे भोक पडले आणि पाण्याचा दाब 10 मीटर उंचीच्या स्तंभाइतका असला, तर दिवसाला सुमारे 5,000 लिटर वाहून जातील. माणशी 135 लिटरच्या हिशेबाने ही 37 जणांची गरज झाली. टॉरिचेलीने सतराव्या शतकातच दाखवले होते, की भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दाब दुप्पट झाला तर गळती दीडपटीच्या आतच राहावी. पण प्रत्यक्षातले आकडे याहून मोठे येत. कोडे सोपे निघाले : प्लास्टिकच्या नळीवरची उभी चीर दाब वाढला की फाकते, त्यामुळे वेगाबरोबर भोकही वाढते. अशा चिरेतून दुप्पट दाबाला जवळजवळ तिप्पट पाणी जाऊ शकते. जॉन मे या ब्रिटिश अभियंत्याने 1994 मध्ये हे सूत्रात बसवले. नव्या धरणांच्या उद्घाटनांच्या बातम्यांत या माणसाचे नाव कुठेच नसते. पण दाब थोडा कमी केला की गळती बरीच घटते हे या सूत्रातून कळते, म्हणून पाण्याच्या बचतीत त्याचा वाटा मोठा आहे.

चोवीस तास पाणी असलेल्या शहरात गळती शोधायला मध्यरात्र बरी. सगळे झोपलेले असताना विभागाच्या मीटरवर जे वाहते, ते बहुतांशी गळतीचे. ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या शहरात ही युक्ती चालत नाही. तिथे एका जलकुंभाच्या विभागातील सोसायट्यांच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवून तरीही विभागात किती पाणी जाते ते मोजावे लागते. हे काम व्हॉल्व्हमन आणि सोसायट्यांचे सचिव यांनी मिळूनच करायचे आहे. पाणी बंद असताना रिकाम्या वाहिनीत त्याच चिरांतून गटाराचे पाणी शिरते, तेव्हा हा प्रश्न केवळ बचतीचा उरत नाही.

कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून आणि वापरानुसार चढती पाणीपट्टी लावून चोवीस तास पाणी दिले. मलकापूर लहान गाव. डोंबिवलीत तेच एकदम सगळीकडे जमणार नाही, पण एका जलकुंभापुरते करून पाहता येईल. त्यात ज्या सोसायटीला एकच सामाईक मीटर आहे, तिथे काटकसरीने वागणारे घर आणि रोज गाडी धुणारे घर सारखेच बिल भरते, ही अडचण राहतेच.

गच्चीवरच्या पावसाचा गाजावाजा जरा जास्तच होतो. 400 चौरस मीटर गच्चीवर वर्षाला अडीच मीटर पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के धरता आला, तर 8 लाख लिटर मिळतात. आकडा देखणा आहे. पण तो जमतो नळाला पाणी मुबलक असताना, आणि एवढी टाकी कोणत्याच सोसायटीत मावत नाही. जमिनीत मुरवावे, तर खाली बेसाल्ट खडक. त्याच्या फटी, सांधे लागले तर पाणी जाते, नाहीतर खड्डा भरून वाहतो. खाडीलगत भूजल मुळातच खारट असू शकते. ज्या जुन्या इमारतींच्या आवारात विहीर टिकून आहे, तिथे मात्र गच्चीचे पाणी गाळून विहिरीत सोडणे सोपे. ते फ्लशला आणि जिने धुवायला वापरले, की तेवढे शुद्ध केलेले पाणी वाचते.