वाळुंजांभोवतीचं कडं

संध्याकाळचे पाच वाजलेत. वर रस्त्यावर फेब्रुवारीचं ऊन चांगलंच चटकतंय, पण पुण्यातल्या औंध आणि बाणेरच्या मधल्या या उतारावरून खाली आलं की हवा एकदम बदलते. समोर राम नदी मुळेला मिळते. भुकूमकडून निघून भूगाव, बावधन, पाषाण करत ती इथवर येते आणि वाटेत शहरानं जे जे सोडलं ते सगळं घेऊन येते. पाण्याला वास आहेच. तरीही पलीकडच्या फांदीवर खंड्या बसलाय, खडकावर पंख पसरून पाणकावळा ऊन खातोय, आणि काठाच्या खाचेतून झऱ्याचं स्वच्छ पाणी बारीक धारेनं वाहतंय. एक आजी वाकून ओंजळीत ते पाणी घेतात आणि नातवाच्या हातावर ओततात. "बघ, थंड आहे की नाही?"

माणसं येतच राहतात. ऑफिसच्या पिशव्या खांद्यावर असलेली तरुण मुलं, काठी टेकत येणारे आजोबा, शाळेची पोरं, कडेवर बाळ घेतलेली एक ताई. पुठ्ठ्यांवर हातानं लिहिलंय: 'झाडं तोडू नका', 'नदी अरुंद करू नका'. काही खोडांवर आकडे रंगवलेले आहेत. पोरं ते मोठ्यानं वाचतात आणि वाचता वाचता गप्प होतात.

करंज आणि उंबर वरच्या अंगाला आहेत. अगदी पाण्यालगत उभे आहेत ते वाळुंज. हे झाड नदीचंच. पुराच्या पाण्यात कित्येक दिवस उभं राहिलं तरी ते कुजत नाही, मुळ्यांनी काठची माती घट्ट धरून ठेवतं. वाळुंजाची जुनी रांग शाबूत आहे असे काठ पुण्यात आता फार उरलेले नाहीत. म्हणून इथली एक एक फांदी मला मोलाची वाटते.

मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदी महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात आहे, आणि हा काठही त्यातलाच. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. धर्ती अहमदाबादच्या साबरमतीची: काठाला बांध घालायचे, वर चालायला रस्ता, बसायला कट्टे, बागा. बंडगार्डनजवळ याचा काही भाग लोकांनी पाहिलाय. पुरापासून संरक्षण हे या प्रकल्पाचं एक मोठं कारण सांगितलं जातं, आणि आज इथे वाद नेमका त्याच्यावरच पेटतो.

घोषणा सुरू होणार तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढे येतात. पन्नाशीचे असावेत. आवाज चढलेला नाही, पण हात थरथरतोय.

"मी सिंहगड रस्त्यावरून आलोय. एकतानगरी. तळमजल्यावर राहतो. २०२४ च्या जुलैत, २५ तारखेला, पहाटे पाय खाली ठेवला तो पाण्यात. फ्रिज तरंगत होता. आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. तुम्ही म्हणता बांध नको. मग माझ्यासाठी काय आहे तुमच्याकडे?"

सगळे थबकतात. कोणीतरी "काका, तसं नाही" म्हणू पाहतं, आणि पुढे काही सुचत नाही म्हणून थांबतं. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते गर्दीत आहेत. ते हातातली काठी घेऊन ओल्या मातीत उकिडवे बसतात. "या दादा, बसा इथे."

ते आधी एक पसरट रेघ काढतात, दोन्ही टोकांना हळूहळू वर चढणारी. "ही आपली नदी. पाणी वाढलं की असं आडवं पसरतं. पसरलं की वेग कमी होतो, उंचीही कमी राहते." मग त्याच रेघेत दोन उभ्या रेघा मारतात. "आता हे बांध. पाणी तेवढंच आहे, जागा घेतली आपण. ते कुठे जाणार? वर जाणार. आणि गावातला पाऊस? नाले नदीतच येतात ना? नदी बांधाच्या आत उंच चढली की नाल्याचं पाणी आत शिरत नाही, ते बांधाच्या मागे तुंबतं. तुमच्या तळमजल्यावर."

गृहस्थ रेघांकडे बघत राहतात.

"त्या दिवशी खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं," अभियंते म्हणतात. "लाल पूररेषा आखतात ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्याकडे आलेला पूर तेवढा मोठा नव्हताच. पात्रात राडारोडा टाकून, भराव घालून आपण नदीची कूस भरून टाकली, म्हणून पाणी घरात आलं. तो भराव आधी काढायला हवा."

"भराव कोण काढणार?" गृहस्थ लगेच विचारतात. "बांध निदान कोणीतरी बांधतंय तरी."

मला हा प्रश्न इथल्या कुठल्याही घोषणेपेक्षा मोठा वाटतो. झाडं वाचवायला आलेल्या प्रत्येकानं तो आपला मानायला हवा. हा काठ वाळुंजांचा आहे, पक्ष्यांचा आहे, आणि पूर आला की पाण्यानं पसरायची ही जागा आहे, म्हणूनच तो मोकळा राहायला हवा. पण एकतानगरीतल्या आईला पुन्हा पाठीवरून न्यावं लागू नये, हेही याच मागणीत हवं, त्याच अक्षरात, त्याच पुठ्ठ्यावर.

एक कॉलेजची मुलगी नेमकं तेच करते. पुठ्ठा उलटा करून मांडीवर घेते आणि लिहिते: 'आधी पात्रातला भराव काढा.'

आता माणसं हात धरतात. एकेका झाडाभोवती कडं होतं. आजी खोडाला गाल लावतात. नातू हात पुरत नाहीत म्हणून शेजारच्या अनोळखी काकांचं बोट पकडतो. गृहस्थ कड्यात जात नाहीत. ते अभियंत्यांच्या शेजारी उभे राहून मोबाइलमध्ये त्यांचा नंबर घेतात.

"रविवारी मोकळे आहात का?"

"आहे की. पूररेषेचा नकाशा घेऊन येतो."

"आम्ही पण आलो तर चालेल?" पुठ्ठा धरलेली मुलगी विचारते.

"या ना. विठ्ठलवाडीकडून या, सातच्या आत. कुठे कुठे भराव पडलाय ते सगळं चालत दाखवतो. आणि मोजायला लांब टेप आणा."