डोक्यावरची माती

विष्णुपुरीच्या आमच्या घराला माळवद आहे म्हटले, की शहरातली पाहुणेमंडळी कौतुकाने वर बघतात. नेमका तेव्हाच कुणाच्या तरी ताटात मातीचा खडा पडतो! सागवानी तुळया, त्यांवर नाटा, नाटांवर किलचांची दाट ओळ, पाला आणि वर माती. मे महिन्यात सारे नांदेड भाजत असते तेव्हा आमचे माजघर गार असते, म्हणून सासूबाईंचा या छतावर भारी जीव. मला मात्र रोजच्या केरसुणीचा कंटाळा आला होता. २०२४ च्या सुरुवातीला मी हट्टच धरला : खालून पीओपीचे पांढरे छत करून घ्यायचे.

मापे घ्यायला आलेले गवंडीमामा आधी माळवदावर चढले. पहार खुपसून म्हणाले, "वैनी, खालून कशाला झाकायलाव? वर दीड फूट माती झालीय."

दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, ही घरची रीत. जुना थर मात्र कोणीच काढला नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन! हिशेब ऐकूनही मी पीओपीचेच दर विचारत राहिले.

२१ मार्चच्या सकाळी जमीन हलली. केंद्र हिंगोलीकडे, तीव्रता ४.५. आमच्याकडे नुसती भांडी वाजली, पण सासूबाई अंगणातून आत यायलाच तयार होईनात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांच्या डोळ्यांपुढे होती. किल्लारी परिसरातल्या भिंती मातीत रचलेल्या, दोन दगडी थरांमध्ये गोट्यांची भर. हादऱ्याने थर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती कोसळली. हजारो माणसे गेली. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंत पडली तरी काही ठिकाणी माळवद उभे राहिले होते.

त्या आठवड्यात पत्र्यांवरचे दगड उतरवा, असे प्रशासनाने सांगितले. मग आमच्या डोक्यावरच्या मातीचे काय?

एप्रिलमध्ये माती उतरवली. एका बाजूला भार राहू नये म्हणून चारी बाजूंनी, थोडी थोडी. वीतभर तेवढी ठेवली. दोन तुळयांची भिंतीतली टोके वाळवीने पोखरलेली निघाली. पीओपीखाली ती कुणाला दिसली असती? त्या बदलल्या, खांब-तुळयांच्या कोनांत तिरके धीरे ठोकले.

पांढरे छत मलाही मिळाले, मांजरपाटाचे. दिवाळीच्या साफसफाईत ते एका बाजूने सोडून धुवायला काढते. तेवढ्यात सासूबाई बॅटरी घेऊन तुळया तपासून घेतात.