शेतकऱ्याचे बोलणे पडद्यावर

जपानमध्ये नारिता विमानतळासाठी जमिनी जाणार म्हणून सानरिझुकाचे शेतकरी लढ्यास उभे राहिले. दिग्दर्शक शिनसुके ओगावा सहकाऱ्यांसह त्यांच्यातच जाऊन राहिले आणि १९६८ पासून त्या लढ्याचे माहितीपट काढले.

अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातील अभ्यासक अबे मार्क नॉर्नेस यांनी २००७ साली ओगावांवर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी चित्रपटांच्या भाषांतरावरही त्यांचा ग्रंथ आला.

पडद्याखाली जागा दोन ओळींची, वेळही थोडा. त्यात भाषांतरकार परक्या बोलण्याची धार घालवतो. ती घालवू नये, असे नॉर्नेस बजावतात.

वाचकहो, कष्टकऱ्याचे बोलणे गुळगुळीत केले, तर चित्र दिसते. माणूस मात्र भेटत नाही.