रेषांचं जहाज, नवं रूप

1829 च्या अखेरीस हावड्याच्या गोदीतून 'रेड रोव्हर' नावाचं जहाज हुगळीत उतरलं. कॅप्टन विल्यम क्लिफ्टन यांनी ते एकाच हेतूने बांधून घेतलं होतं: हिवाळ्यात चीनच्या समुद्रात समोरून येणाऱ्या मोसमी वाऱ्याला न जुमानता मकावच्या बाजूला पोहोचायचं. तोवर जहाजं वारा फिरण्याची वाट बघत आणि वर्षाला एक खेप होई. 'रेड रोव्हर'ने ही वाट बघणं संपवलं. जहाजात माल होता अफूचा. बिहार आणि बनारसकडे पिकलेली अफू ईस्ट इंडिया कंपनी कोलकात्यात लिलावात विकायची आणि चीनला नेण्याची जोखीम खासगी व्यापाऱ्यांवर सोडायची, म्हणजे कागदोपत्री कंपनीचे हात स्वच्छ. कोलकात्याचे व्यापारी द्वारकानाथ ठाकुर यांचाही 'वॉटरविच' या अफूच्या जहाजात हिस्सा होता. आपल्या मुंबईतून माळव्याची अफू त्याच वाटेने जात होती आणि व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतला मोठा वाटा त्या व्यापारातून आला होता.

कोलकात्यात राहून 'एलिट' हा खेळ खेळताना हे सगळं आठवल्याशिवाय राहत नाही. 'एलिट'मध्येही एक जहाज असतं, थोडं भांडवल असतं आणि एका बंदरात स्वस्त घेऊन दुसऱ्यात महाग विकायचं असतं. फक्त बंदरं ग्रहांभोवती फिरतात. नफा साठला की मालखाना मोठा करायचा, चांगली तोफ घ्यायची, इंधनाची सोय वाढवायची. बाजाराच्या यादीत अन्नधान्य, कापड, यंत्रं, सोनं यांच्या रांगेतच अमली पदार्थ, शस्त्रं आणि गुलामही असतात.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी हा खेळ लिहिला आणि सप्टेंबर 1984 मध्ये अ‍ॅकॉर्नसॉफ्टने तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी बाजारात आणला. त्याआधी थॉर्न ईएमआयने तो नाकारला होता. हे यंत्र आपल्याला अगदीच परकं नव्हतं. भारत सरकारने 1984-85 मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुमारे अडीचशे शाळांत जे संगणक पोहोचले ते बीबीसी मायक्रोच होते. 'एलिट' ज्या वर्षी तिकडे विकायला आला, जवळपास त्याच वर्षी त्याचं यंत्र आपल्या शाळांच्या कपाटांत येऊन बसलं.

यंत्राची स्मृती 32 किलोबाइट. त्यातली सुमारे आठ नुसत्या पडद्याच्या चित्रासाठी जात. उरलेल्या जागेत आठ आकाशगंगा बसवायच्या होत्या, प्रत्येकीत 256 ग्रहमालिका, म्हणजे एकूण 2048. त्यांची नावं, जागा, राज्यव्यवस्था, बाजारभाव साठवून ठेवणं अशक्य होतं, म्हणून ब्रेबन आणि बेल यांनी ते साठवलंच नाही. तीन आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करून पुढचा आकडा काढायचा, सर्वांत जुना टाकून द्यायचा आणि हेच चालू ठेवायचं. त्या आकड्यांच्या तुकड्यांतून दोन-दोन अक्षरांच्या जोड्या निवडल्या की ग्रहाचं नाव तयार होतं. 'ला' आणि 'व्ह' या जोड्यांतून 'लाव्ह' हा ग्रह मिळतो, जिथून प्रत्येक खेळाडू 100 क्रेडिट घेऊन निघतो. शेजारचे डिसो, लीस्टी, झाओन्स हेही याच गणितातून येतात आणि जगातल्या प्रत्येक प्रतीत त्याच जागी सापडतात. याच रीतीने अब्जावधी आकाशगंगा काढता आल्या असत्या. प्रकाशकांनी आठांवर थांबवलं, कारण इतक्या प्रचंड संख्येपुढे सगळं गणिती आणि खोटं वाटू लागलं असतं. मला तो निर्णय योग्य वाटतो. आठ आकाशगंगांत माणूस आपला एखादा आवडता व्यापारी मार्ग शोधून काढतो आणि तो त्याचा होतो.

चित्रकामाचीही अशीच तंगी होती. जहाजं म्हणजे नुसत्या रेषा, पण समोरची बाजू दिसेल आणि मागची झाकली जाईल इतकी शहाणी. वरचा भाग काळा-पांढरा आणि बारीक, खालचा नियंत्रणफलक चार रंगांचा आणि जाडसर. एकाच पडद्यावर हे दोन प्रकार त्या यंत्राला मुळात येत नव्हते. म्हणून पडद्यावर किरण नियंत्रणफलकापर्यंत खाली उतरतो त्या नेमक्या क्षणी टायमरच्या इशाऱ्याने पडद्याची रीत बदलायची, आणि किरण पुन्हा वर गेला की परत पहिली रीत लावायची. सेकंदाला पन्नास वेळा.

रेषा पुसण्याची युक्ती आणखी साधी होती. तीच रेषा तिथेच दुसऱ्यांदा काढली की ती नाहीशी होते. जहाज पुढे सरकलं की आधी त्याच्या जुन्या रेषा अशा पुसायच्या आणि मग नव्या काढायच्या. पुसणं आणि काढणं यांच्यामध्ये क्षणभर जहाज नसतंच, म्हणून ते लुकलुकतं. 1984 च्या खेळात ही लुकलुक सगळीकडे आहे. पुढे त्याच लेखकद्वयाने नंतरच्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ बीबीसी मास्टर या पुढच्या संगणकावर, उपाय शोधला: संपूर्ण जहाज पुसायचं नाही, एक नवी रेषा काढायची, तिच्या जोडीची जुनी पुसायची, मग पुढची. अंगणात उभी रांगोळी ठिपक्याठिपक्याने सरकवावी तसं. मार्क मॉक्सन यांनी 'एलिट'च्या मूळ असेंब्ली कोडला ओळीओळीने टिपा जोडल्या आहेत. त्यांनी हाच उपाय उलट्या दिशेने नेऊन 1984 च्या आवृत्तीत बसवला. आता तोच खेळ, तेच यंत्र, तीच 32 किलोबाइट आणि जहाज स्थिर. ग्राफिक्स सुधारण्याचं याहून निखळ काम मला माहीत नाही. एकही रंग वाढला नाही, एकही रेषा वाढली नाही, आणि तरी समोरचं जहाज पहिल्यांदा वस्तूसारखं वाटू लागतं.

पण बहुतेकांच्या मनात ग्राफिक्स मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेला दृश्यबदल, म्हटल्यावर येतं ते दुसरंच चित्र: चकचकीत पत्रा, खिडक्यांतले दिवे, ढगांनी वेढलेले ग्रह. 'एलिट'च्या कुळात त्याची मोठी शाळा म्हणजे 'ऊलाइट'. जाइल्स विल्यम्स यांनी हा खेळ सुरुवातीला मॅकसाठी लिहिला, 'एलिट'चीच नवी मांडणी म्हणून. त्याचा कोड खुला आहे आणि वापरणाऱ्यांनी बनवलेले विस्तार त्यात सहज बसतात. या विस्तारांना ओएक्सपी म्हणतात. सुरुवातीच्या 'ऊलाइट'मधली जहाजं साधी होती. पुढे खेळणाऱ्यांनीच बनवलेली तपशीलवार जहाजं इतकी सरस ठरली की ती मूळ खेळातच आली.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. खेळाच्या 'अ‍ॅडऑन्स' फोल्डरमध्ये आपला विस्तार ठेवायचा. त्यात एक फोल्डर मॉडेलचं, एक टेक्स्चरचं, एक कॉन्फिगचं. कॉन्फिगमध्ये एक साधी मजकुराची फाइल असते, जी मूळ जहाजाच्या माहितीवर आपली माहिती चढवते. खेळाडूच्या कोब्रा मार्क थ्री या जहाजाला नवं रूप द्यायचं असेल तर तिथे फक्त मॉडेलचं नाव आणि पृष्ठभागाचं वर्णन बदलायचं. वेग, ऊर्जा, मालखान्याची 20 टनांची मर्यादा, यातलं काही लिहायचंच नाही. जे लिहिलं नाही ते जुनंच राहतं. पृष्ठभागासाठी एकाहून अधिक चित्रं लागतात: एक पत्र्याच्या रंगाचं, एक उंचसखलपणाचं, म्हणजे सपाट पृष्ठावरही रिव्हेट आणि सांधे उजेडात उठून दिसतील, एक चकाकीचं, आणि एक स्वतःहून उजळणाऱ्या जागांचं. ग्रहाच्या सावलीत शिरलं की हे शेवटचं चित्र कामाला येतं. बाकी जहाज काळं होतं आणि खिडक्यांची एक ओळ तेवढी उरते.

इथवर सगळं रंगकाम. पण मॉडेल बदललं की रूप आणि नियम यांच्यातली भिंत पातळ होते. नव्या कोब्राची धुरांडी जुन्या जागी नसतील, तर इंजिनाची ज्वाळा हवेत लोंबकळते, ती हलवावी लागते. तोफेचं तोंड कुठे आणि वैमानिकाचा डोळा कुठे, हेही नव्याने सांगावं लागतं. 'ऊलाइट'मध्ये टक्कर ओळखली जाते ती मॉडेलच्या खऱ्या आकारावरून. म्हणून सौंदर्यासाठी पंख थोडे लांबवले की ते अवकाशस्थानकाच्या गोदीच्या फिरत्या खाचेत घासू लागतात. गोदीत शिरणं हीच 'एलिट'मधली नवशिक्याची सर्वांत जीवघेणी परीक्षा. चांगले कारागीर म्हणून आधी जुन्या जहाजाची लांबी, रुंदी, उंची घेतात आणि त्या चौकटीतच कल्पना लढवतात.

दुसरी मर्यादा बाह्याकृतीची. सापांच्या नावांची ही जहाजं, पायथन, मांबा, क्रेट, साइडवाइंडर, दुरून नुसत्या आकाराने ओळखू आली पाहिजेत. समोर व्यापारी आहे की चाचा, हे ठरवायला खेळाडूला क्षणभरच मिळतो. रेषांच्या खेळात ही ओळख आपोआप होत होती, कारण रेषांशिवाय काही नव्हतंच. तपशिलांनी गच्च भरलेल्या काही संचांत सगळी जहाजं एकसारखी करडी दिसतात आणि मग खेळ कठीण होतो तो चुकीच्या कारणाने. अशा संचांविषयी माझं मत कडक आहे: स्थिर चित्रात ते कितीही देखणे दिसोत, उड्डाणात ते मूळ खेळाला दुबळं करतात.

याच जातीचं दुसरं मोठं काम 2003 च्या 'फ्रीलान्सर'वर झालं. डिजिटल अ‍ॅन्व्हिलने बनवलेल्या आणि मायक्रोसॉफ्टने विकलेल्या या व्यापारी अवकाशखेळाला चाहत्यांनी 'एचडी एडिशन' दिली. रुंद पडद्यावर चिन्हं ताणली जाणार नाहीत, अक्षरं स्वच्छ वाचता येतील, दूरच्या वस्तू अचानक उगवणार नाहीत, अशा कामांचा तो संच. तिथली कथा, भाव, मार्ग होते तसेच ठेवले आहेत.

यासाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड इथे कोलकात्याच्या चाँदनी बाजारात जुनं मिळतं. मेट्रोच्या चाँदनी चौक स्टेशनातून वर आलं की दुकानांच्या गल्ल्या सुरू होतात. 'ऊलाइट'ला फार ताकदीचं कार्ड लागत नाही. शेडर चालवणारं साधं जुनं कार्डही पुरतं.

एवढ्या सगळ्या सुधारणेत एक गोष्ट मात्र कुणी फारशी बदललेली नाही, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल. जहाज सजलं, ग्रह सजले, स्थानक सजलं. बाजार मात्र 1984 मध्ये होता तशी यादीच राहिला: मालाचं नाव, भाव, किती टन. जहाज फुटलं की त्यातून डबे तरंगत बाहेर येतात. त्यात धान्य आहे की गुलाम, हे डब्याकडे बघून कळत नाही. मॉडमध्ये डब्यालाही सुंदर टेक्स्चर मिळतं, पण बहुतेकदा सगळ्यांना एकच. निषिद्ध माल नेला तर वायपर जहाजांतले पोलीस मागे लागतात, म्हणजे खेळात गुन्ह्याची किंमत आहे, पण त्याचं रूप नाही.

कोलकात्याचा व्यापारही डोळ्यांपुढे असाच आला. अफूच्या जहाजांची चित्रं त्या काळात काढली गेली आणि छापली गेली. चित्रकार विल्यम हगिन्स यांनी चीनजवळच्या लिंटिन बेटापाशी नांगरलेली अफूची जहाजं रंगवली आहेत, शिडं आणि दोर निरखून. पाटण्याच्या अफूच्या पेटीत साधारण चाळीस गोळे असत, खसखशीच्या पाकळ्यांच्या वेष्टनात गुंडाळून कप्प्याकप्प्यांत बसवलेले. लिलावाच्या वहीत ती पेटी म्हणजे एक आकडा. शिडाच्या चित्राला जो मान मिळाला, तो त्या पेटीला मिळाला नाही. ती ज्यांच्या शेतात पिकली त्या बिहारी रयतेला तर मुळीच नाही, आणि कंपनीने ठरवलेल्या भावाने त्यांना पीक द्यावं लागत होतं.

'ऊलाइट'मध्ये तरंगणारा डबा हीसुद्धा मॉडेल आणि टेक्स्चर असलेली एक वस्तूच आहे. प्रत्येक मालाला त्याचा डबा देणं कठीण नाही. धान्याला गोणीचा शिक्का, यंत्रांना लोखंडी चौकट, अमली पदार्थांना कप्प्यांची पेटी, आणि गुलामांच्या डब्याला आतून उजळणारी एक छोटी खिडकी. आकार जुन्या डब्याइतकाच ठेवायचा, नाहीतर जहाजाच्या फ्युएल स्कूपने, म्हणजे इंधन-पावड्याने, तरंगता माल गोळा करताना घोळ होईल. भाव, वजन, कायदा यांना हात लावायचा नाही. कोलकात्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या मुलाला पहिलं मॉड करायचं असेल, तर जहाजाआधी हा डबा घ्यावा. त्याला पृष्ठं कमी असतात, टेक्स्चर लहान पुरतं, आणि तपासायला डिसोपर्यंत एक खेप मारली तरी चालते.